टीव्ही कार्ड घेताय? आधी स्लॉट मोजा, मग छतावरची केबल बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि कितीतरी घरांत जुना डेस्कटॉप बदलायचा विषय निघाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे चांगली चालणारी यंत्रंसुद्धा या नियमात बाद झाली. नवा संगणक आला की जुन्यातलं वापरता येण्यासारखं काढून नव्यात बसवायचं, ही आपल्याकडची रीत. हार्ड डिस्क निमूट बसते, डीव्हीडी रायटरचंही जमून जातं. टीव्ही कार्ड मात्र बसता बसत नाही. आणि ज्यांना नवंच डिजिटल टीव्ही कार्ड घ्यायचंय, फ्री डिशवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचेत, त्यांनाही दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो: ‘स्लॉट कुठला आहे?’

या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही. पण कार्डाला टोकं दोन असतात. एक टोक संगणकाच्या मुख्य बोर्डात, म्हणजे मदरबोर्डमध्ये जातं, दुसऱ्याला छतावरून आलेली केबल लागते. पहिलं टोक जुळतं की नाही हे शाळेतली मोजपट्टी घेऊन पाच मिनिटांत खात्रीने सांगता येतं. पैसे वाया जातात ते बहुतेक दुसऱ्या टोकाला, कारण तिकडे कोणी बघतच नाही. म्हणून इथे दोन्ही टोकं बघू.

## टीव्ही कार्ड नेमकं करतं काय?

अँटेना, डिश किंवा केबलमधून एकाच वेळी ढीगभर चॅनेल येत असतात. त्यातली हवी ती फ्रिक्वेन्सी पकडणारं सर्किट म्हणजे ट्यूनर. हा ट्यूनर बसवलेला आणि संगणकाच्या पोटात लावायचा बोर्ड म्हणजे टीव्ही कार्ड. मदरबोर्डवर असे जादा बोर्ड खोचायला ज्या लांबट खाचा असतात त्यांना एक्स्पान्शन स्लॉट म्हणतात. पुढे नुसतं ‘स्लॉट’ म्हणू.

२००० नंतरच्या दशकात आपल्याकडे टीव्ही ट्यूनर कार्डं भरपूर खपली. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली अशा ठिकाणी ती सहज मिळायची, आणि हॉस्टेलच्या खोलीत तर तोच टीव्ही असायचा. ती जवळपास सगळी ॲनालॉग होती, म्हणजे आकड्यांत न बदललेल्या लहरी पकडणारी. ॲनालॉग कार्ड आलेल्या लहरींचं चित्र स्वतः बनवून, न दाबता (कॉम्प्रेस न करता), संगणकाकडे ढकलायचं. आपल्याकडच्या पॅल या ॲनालॉग टीव्ही पद्धतीत एक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट होतात.

डिजिटल कार्डाचं काम उलट हलकं आहे. प्रक्षेपण मुळातच दाबलेल्या, आकड्यांच्या प्रवाहाच्या रूपात येतं. कार्ड तो प्रवाह उचलतं, चुका दुरुस्त करतं आणि जसाच्या तसा संगणकाला देतं. चित्र उलगडायचं काम प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप करते. एका फ्रिक्वेन्सीवर येणारा सगळा प्रवाह, त्यातल्या सगळ्या चॅनेलांसकट, सेकंदाला साधारण ५० मेगाबिटच्या आसपास, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट) सहा-सात मेगाबाइट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

## पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेस: नावं सारखी, घरं वेगळी

गोंधळाचं मूळ या दोन नावांत आहे. पीसीआय हा स्लॉट इंटेलने १९९२ मध्ये आणला. पीसीआय एक्स्प्रेस २००३ मध्ये आला आणि पुढच्या वर्षापासून मदरबोर्डवर दिसू लागला. नावात पीसीआय आहे म्हणून एकाचं कार्ड दुसऱ्यात जाईल असं वाटतं. जात नाही. आकार वेगळा, विजेची जोडणी वेगळी, बोलण्याची पद्धतही वेगळी.

जुन्या वाड्यात चौकात एकच नळ असायचा. पाणी यायचं भरपूर, पण सगळ्या बिऱ्हाडांनी ते वाटून घ्यायचं. पीसीआय तसा आहे: सेकंदाला १३३ मेगाबाइटचा एकच नळ, आणि मदरबोर्डवरचे सगळे पीसीआय स्लॉट त्याच्यावर. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये प्रत्येक घराला स्वतःची पाइपलाइन आहे. एका पाइपला ‘लेन’ म्हणतात. एक लेन असलेला स्लॉट एक्स१, चार असलेला एक्स४, तसेच पुढे एक्स८ आणि एक्स१६. सगळ्यात जुन्या, पहिल्या पिढीच्या एका लेनमधूनही एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट जातात. दुसऱ्या पिढीत ५००, तिसऱ्या पिढीत जवळजवळ हजार.

आता मघाचा आकडा आठवा. एका ट्यूनरला सहा-सात मेगाबाइट पुरतात. चार ट्यूनरचं कार्ड घेतलं आणि चारही एकदम चालू ठेवले तरी पहिल्या पिढीच्या एका लेनचा दहावा हिस्सा जेमतेम वापरला जाईल. म्हणून टीव्ही कार्डासाठी ‘माझा स्लॉट फास्ट आहे का’ हा प्रश्न मनातून काढून टाका. बाजारात आज मिळणारी बहुतेक डिजिटल टीव्ही कार्डं एक्स१ ची असतात ती याचमुळे. जास्त लेन देऊन त्यांना काही मिळत नाही.

प्रश्न उरतो तो एवढाच: कार्ड स्लॉटमध्ये शिरतं का, आणि शिरल्यावर कॅबिनेटमध्ये मावतं का.

## मोजपट्टी घ्या

आधी कार्ड बघा. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दात्यांची ओळ असते. ती मोजा.

ओळ साधारण अडीच सेंटिमीटर असेल तर ते पीसीआय एक्स्प्रेस एक्स१. जवळून पाहिलं तर ओळीत एक छोटी फट दिसेल. कॅबिनेटच्या मागे स्क्रूने बसणारी धातूची उभी पट्टी ज्या बाजूला असते त्या बाजूने मोजलं तर फटीच्या अलीकडे ११ दाते आणि पलीकडे ७. एवढी खूण पटली की दुसरं काही विचारायला नको.

ओळ साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि तिला दोन फटी असतील, एक धातूच्या पट्टीजवळ आणि एक दुसऱ्या टोकाकडे, तर ते जुनं पीसीआय. दोन फटी का, तर पीसीआय स्लॉट ५ व्होल्टचे आणि ३.३ व्होल्टचे असे दोन प्रकारचे होते. दोन्हींत चालणाऱ्या कार्डाला दोन्ही खुणा कापलेल्या असतात. घरगुती मदरबोर्डवर सहसा ५ व्होल्टचाच स्लॉट असायचा.

आता मदरबोर्ड. इथे एक चकवा आहे. ग्राफिक्स कार्डासाठीचा एक्स१६ स्लॉट सुमारे ८९ मिलिमीटर लांब असतो, आणि जुना पीसीआय सुमारे ८५. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. लोक पीसीआय कार्ड घेऊन एक्स१६ मध्ये दाबायला जातात ते इथेच. फरक आतल्या आडभिंतीत बघा. पीसीआय एक्स्प्रेसच्या कुठल्याही स्लॉटमध्ये, मग तो लांब असो की आखूड, ही आडभिंत स्लॉटच्या कॅबिनेटच्या मागच्या बाजूकडल्या टोकाजवळ, त्या टोकापासून सेंटिमीटरभराच्या अंतरावर असते. ५ व्होल्टच्या पीसीआय स्लॉटमध्ये ती नेमकी दुसऱ्या टोकाकडे असते. रंगावर जाऊ नका. पीसीआय बहुधा पांढरा आणि एक्स१६ काळा किंवा निळा असायचा, पण रंगाचा काही नियम नाही. कंपनीला वाटेल तो रंग ती देते.

कार्ड जात नसेल तर जोर लावू नका. योग्य स्लॉट असेल तर दोन्ही टोकांवर सारखा दाब दिल्यावर ते बसतंच.

## ‘एक्स१ चा स्लॉट नाही, फक्त लांबडाच आहे. मग?’

चालेल, बिनदिक्कत चालेल. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये आखूड कार्ड लांब स्लॉटमध्ये बसतं आणि काम करतं. एक्स१ चं टीव्ही कार्ड एक्स४ मध्ये, एक्स८ मध्ये, अगदी ग्राफिक्स कार्डाच्या एक्स१६ मध्येही चालतं. उरलेल्या लेन नुसत्या रिकाम्या राहतात. उलट मात्र होत नाही: एक्स४ चं कार्ड बंद टोकाच्या एक्स१ स्लॉटमध्ये शिरणार नाही.

पिढीचंही तसंच. कार्ड पहिल्या पिढीचं आणि मदरबोर्ड पाचव्या पिढीचा असला तरी दोघं आपसात ठरवून कार्डाला झेपेल त्या वेगाने बोलतात. खोक्यावर ‘पीसीआयई २.०’, म्हणजे दुसऱ्या पिढीचं पीसीआय एक्स्प्रेस, असं लिहिलंय आणि आपला बोर्ड ४.० आहे म्हणून कार्ड परत करायची गरज नाही.

## ‘स्लॉट दिसतोय, मग अडचण कसली?’

दिसणं वेगळं आणि मोकळा असणं वेगळं. आजची ग्राफिक्स कार्डं दोन-दोन, तीन-तीन स्लॉटची जागा खातात. बऱ्याच मदरबोर्डवर एक्स१ चा स्लॉट नेमका एक्स१६ च्या शेजारी असतो, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा पंखा थेट त्याच्यावर येतो. स्लॉट शाबूत आहे, पण कार्ड घालायला जागा नाही. म्हणून कॅबिनेट उघडून बघा, किंवा निदान मागच्या बाजूला ग्राफिक्स कार्डाने किती पट्ट्या अडवल्यात ते मोजा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, ती मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. हल्लीच्या मदरबोर्डवर एम.२ नावाचे छोटे सॉकेट असतात, त्यात हार्ड डिस्कचं काम करणारी चपटी एसएसडी बसते. लेन मोजक्याच असल्याने काही बोर्डांवर एम.२ चं सॉकेट आणि एखादा स्लॉट यांच्यात त्या वाटून दिलेल्या असतात. पुस्तिकेत बारीक अक्षरात अशा अर्थाचं वाक्य असतं: ‘दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावल्यास हा स्लॉट बंद राहील.’ कार्ड नीट बसतं, संगणक चालू होतो, पण कार्डाचा पत्ता नाही आणि दोष कार्डाला लावला जातो. पुस्तिकेचं ते एक पान खरेदीआधी वाचाच. कागदी पुस्तिका हरवली असली तरी मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर ती मॉडेलच्या नावाने मिळते.

त्याच पानावर कधी कधी ‘एक्स१६ स्लॉट, एक्स४ मोडमध्ये’ असंही दिसेल. म्हणजे खाच लांब, पण आत लेन चारच. ग्राफिक्स कार्डासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याला काही फरक पडत नाही.

## ‘कॅबिनेट उघडायची भीती वाटते’

मग न उघडता बघा. विंडोजमध्ये शोधायच्या चौकटीत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ लिहा. उघडलेल्या यादीत ‘बेसबोर्ड’ या नावाखाली मदरबोर्डची कंपनी आणि मॉडेल दिसतं. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअरही हेच ‘मेनबोर्ड’ या पानावर दाखवतं. मॉडेल कळलं की कंपनीच्या साइटवर स्लॉटांची यादी आणि बोर्डाचा फोटो मिळतो.

असेंबल केलेल्या संगणकात बोर्डाचा आकारही बरंच काही सांगतो. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, त्यावर तीन-चार स्लॉट सहज असतात. मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती संगणकांत हाच असतो आणि त्यावर एक लांब आणि एक-दोन आखूड स्लॉट मिळतात. मिनी आयटीएक्स १७० बाय १७०, त्यावर एकच स्लॉट. तो ग्राफिक्स कार्डाने अडवला असेल तर टीव्ही कार्डाचा विषय तिथेच संपला.

ऑफिसातून सेकंडहँड आलेले बारीक अंगाचे ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, म्हणून अनेकांकडे आहेत. त्यांच्यात स्लॉट असतो, पण उंची नसते. साध्या कार्डाची धातूची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते, बारीक कॅबिनेटला ८ सेंटिमीटरच्या आसपासची लागते. याला ‘लो प्रोफाइल’ म्हणतात. काही कंपन्या खोक्यात आखूड पट्टी जादा देतात. दोन स्क्रू काढून ती बदलता येते. पण मुळात कार्डाचा बोर्डच उंच असेल तर पट्टी बदलून काही साधत नाही, म्हणून पट्टीइतकीच कार्डाची उंचीही विचारा. साडेसहा सेंटिमीटरच्या आतलं कार्ड बारीक कॅबिनेटमध्ये बसतं.

## आता दुसरं टोक: तुमच्याकडे सिग्नल कुठला येतो?

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्लॉट चुकला तर कार्ड बसतच नाही, दुकानदार बदलून देतो. सिग्नल चुकला तर कार्ड बसतं, विंडोजमध्ये दिसतं, दिवा लागतो, आणि एकही चॅनेल सापडत नाही. माणूस केबल बदलतो, अँटेना फिरवतो, सॉफ्टवेअर बदलतो. तोवर परत करायची मुदत निघून गेलेली असते.

डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धती जगात वेगवेगळ्या आहेत. भारतात युरोपातली डीव्हीबी ही पद्धत चालते. तिची तीन भावंडं लक्षात ठेवली तरी पुरे: जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारी टी, उपग्रहावरून येणारी एस आणि केबलमधून येणारी सी. त्यांच्या सुधारित आवृत्त्यांना शेवटी २ लागतो. कार्डाच्या खोक्यावर डीव्हीबी-टी२, डीव्हीबी-एस२ असं जे लिहिलेलं असतं ते हेच.

यातलं आपल्याकडे काय काय खरंच पकडता येतं?

जमिनीवरून: दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ चं प्रक्षेपण सुरू केलं. महाराष्ट्रातली शहरं होती मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. जुने ॲनालॉग ट्रान्समीटर ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत मोजके अपवाद सोडून बंद झाले. याचा सरळ अर्थ असा की सातारा, लातूर, अकोला इथल्या माणसाने नुसतं टी२ चं कार्ड घेण्यात हशील नाही. मनोऱ्याच्या टप्प्यात असाल तरच ते घ्या, आणि कार्ड ‘टी२’ आहे ना ते बघा. नुसतं ‘टी’ लिहिलेलं जुनं कार्ड टी२ चं प्रक्षेपण ओळखत नाही.

उपग्रहावरून: आपल्याकडे टीव्ही कार्डाचा खरा उपयोग इथे आहे. दूरदर्शनची फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. आज ती ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, महिन्याचं भाडं नाही, आणि तिच्यावरची बहुतेक चॅनेलं कुलूप न लावता येतात, आपलं सह्याद्रीसुद्धा. काही प्रवाह जुन्या डीव्हीबी-एस मध्ये आहेत, काही एस२ मध्ये. एस२ चं कार्ड दोन्ही वाचतं, म्हणून एस२ च घ्या. गावाकडे ज्या घरावर आधीच फ्री डिशची छत्री आहे तिथे हे कार्ड लावलं तर रेकॉर्डिंगची उत्तम सोय होते.

उपग्रहाच्या कार्डाबाबत एक जादा तपासणी. छत्रीच्या मध्यावर जो ठोकळा असतो, एलएनबी, त्याला वीज कार्डच पुरवतं, त्याच केबलमधून, १३ किंवा १८ व्होल्ट. ही वीज कार्ड स्लॉटमधून घेतं, आणि एक्स१ स्लॉटची ताकद मर्यादित असते. म्हणून काही कार्डांवर एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, वायर लावायला वेगळं सॉकेट दिलेलं असतं. ते असेल तर वायर लावायलाच हवी. नाही लावली तर कार्ड दिसतं, पण छत्रीकडून सिग्नल येत नाही.

केबलमधून: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. घरी केबल आहे, ती डीव्हीबी-सी पद्धतीची आहे, कार्डावर डीव्हीबी-सी लिहिलंय, मग जुळलं की! नाही जुळलं. २०११ मध्ये केबल टीव्हीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि केबलचालकांना चॅनेलं कूटबद्ध करूनच, म्हणजे कुलूप लावूनच, पाठवणं बंधनकारक झालं. मुंबईत हे २०१२ च्या अखेरीस लागू झालं, पुणे, नागपूर, नाशिक वगैरे शहरांत २०१३ मध्ये, मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे. म्हणून घराघरात सेट टॉप बॉक्स आले. टीव्ही कार्डाकडे त्या कुलपाची किल्ली नसते.

## ‘डबा काढून त्यातलं स्मार्ट कार्ड टीव्ही कार्डात घातलं तर?’

खासगी डीटीएच असो की केबल, हा प्रश्न हमखास येतो. युरोपात याची सोय आहे. तिथल्या काही टीव्ही कार्डांवर कॉमन इंटरफेस नावाची खाच असते, तिच्यात कॅम नावाचं यंत्र आणि त्यात कंपनीचं स्मार्ट कार्ड जातं. आपल्याकडच्या कंपन्या स्वतःचा डबा आणि स्वतःचं कार्ड अशी जोडी देतात, आणि ती एकमेकांना बांधलेली असते. ग्राहकाच्या हातात वेगळा कॅम देण्याची पद्धत रुळलेली नाही. तेव्हा कार्डावर ती खाच आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. आणि सगळी चॅनेलं फुकट उघडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नका, ते बेकायदा आहे.

डब्याच्या एचडीएमआयमधून चित्र घेणारं कॅप्चर कार्ड ही वेगळी वस्तू आहे. तिच्यात ट्यूनर नसतो. शिवाय डब्यातून निघणाऱ्या एचडीएमआयवर बहुधा एचडीसीपी हे नक्कलविरोधी कुलूप असतं, त्यामुळे पडदा काळाच दिसण्याची शक्यता जास्त.

## ‘भाऊ अमेरिकेतून येतोय, तिकडून मागवू का?’

मागवू नका. अमेरिकेत जमिनीवरच्या प्रक्षेपणाची पद्धत एटीएससी आहे, जपानमध्ये आयएसडीबी-टी, चीनमध्ये डीटीएमबी. तिथलं कार्ड इथे बसेल, पण इथली भाषा त्याला कळणार नाही. स्लॉट जगभर एकच आहे, प्रक्षेपण नाही.

याचं चांगलं उदाहरण हॉपॉग या अमेरिकी कंपनीचं विनटीव्ही-क्वाडएचडी. एक्स१ चं कार्ड, त्यावर चार ट्यूनर. नाव एकच, पण आवृत्त्या दोन: अमेरिकेसाठीची एटीएससी आणि तिथली कुलूप नसलेली केबल पकडते, युरोपसाठीची डीव्हीबी-टी, टी२ आणि सी पकडते. फोटो सारखाच दिसतो. सेकंडहँड बाजारात कोणी ‘क्वाडएचडी’ एवढंच लिहिलं असेल तर कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक मागून घ्या आणि कंपनीच्या यादीशी पडताळा. लंडनला किंवा जर्मनीत राहणारा नातेवाईक टी२ चं कार्ड आणू शकतो, ते मुंबईत तांत्रिकदृष्ट्या चालेल. पण चारपैकी एकही ट्यूनर उपग्रहाचा नाही, म्हणून फ्री डिशवाल्याला त्याचा उपयोग शून्य.

## ‘बसलं, सिग्नलही जुळला. आता तरी?’

ड्रायव्हर राहिला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि जुन्या कार्डांचे एक्सपीच्या काळातले ३२ बिट ड्रायव्हर त्यात चालत नाहीत. ६४ बिट ड्रायव्हर असला तरी जुना असेल तर विंडोजचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण त्याला अडवू शकतं. संरक्षण बंद करून कार्ड चालवणं मला पटत नाही. ज्या संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो त्याचं कुलूप टीव्हीसाठी काढू नये. टीव्ही बघायला पूर्वी विंडोजमध्येच मीडिया सेंटर होतं, ते विंडोज १० पासून गेलं. आता कार्डासोबत येणारं सॉफ्टवेअर किंवा वेगळं मोफत सॉफ्टवेअर वापरावं लागतं.

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत लिनक्समध्ये चित्र बरं आहे. तिथे अनेक टीव्ही कार्डांचे ड्रायव्हर मुळातच अंतर्भूत आहेत, आणि टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगचं आणि घरभर चॅनेल पोचवायचं काम नीट करतं. सेकंडहँड कार्ड तपासायचीही ही सोपी वाट आहे: पेन ड्राइव्हवरून उबुंटू हे लिनक्स चालू करा, काही इन्स्टॉल न करता, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एलएसपीसीआय ही आज्ञा छोट्या इंग्रजी अक्षरांत द्या. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत ‘मल्टिमीडिया कंट्रोलर’ म्हणून कार्डावरची चिप दिसली तर स्लॉटचं टोक जुळलं. न दिसल्यास कार्ड काढून पुन्हा बसवा, मग एम.२ वालं ते पान बघा.

## ‘एवढं करण्यापेक्षा यूएसबी घेतला तर?’

बऱ्याच जणांनी तेच करावं, असं मी सांगेन. एक ट्यूनर पुरणार असेल तर यूएसबी २.० सुद्धा भरपूर झालं. लॅपटॉपवाल्याला आणि मिनी पीसीवाल्याला दुसरा पर्यायही फारसा नाही, कारण त्यांच्यात पूर्ण आकाराचा स्लॉटच नसतो. नुसती फ्री डिश टीव्हीवर बघायची असेल तर साधा डबा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कटकटीचा.

कार्ड घ्यावं ते ज्याला एकाहून जास्त ट्यूनर हवेत, संगणक दिवसरात्र चालू ठेवून रेकॉर्डिंग करायचंय आणि बाहेर वायरींचा गुंता नकोय त्याने. मात्र उपग्रहाच्या कार्डात ट्यूनर दोन असले तरी छत्रीवरून केबल एकच येत असेल तर दोन्ही ट्यूनर पूर्णपणे स्वतंत्र चालत नाहीत. त्यासाठी दोन आउटपुटचा एलएनबी आणि दुसरी केबल लागते. हा खर्चही आधीच धरा.

## ‘मग जुनं पीसीआय कार्ड भंगारात?’

पीसीआयचा स्लॉट असलेला नवा मदरबोर्ड शोधत बसू नका. इंटेलने २०११ च्या सुमारास घरगुती चिपसेटमधून (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमधून) पीसीआयची थेट सोय काढली. त्यानंतर काही वर्षं कंपन्या वेगळी चिप लावून एखादा स्लॉट देत होत्या, आता तोही बहुतेक बोर्डांवरून गेला. एक्स१ मध्ये लावायचं आणि वर पीसीआय स्लॉट देणारं ॲडॉप्टर मिळतं, पण कार्ड वर उचललं जातं आणि धातूची पट्टी कॅबिनेटला बसत नाही. ॲनालॉग कार्डासाठी तर तो खर्च व्यर्थच, कारण पकडायला सिग्नल उरलेला नाही.

तरी ते जुनं ॲनालॉग कार्ड आणि जुना डेस्कटॉप ही जोडी चालू स्थितीत असेल तर मोडायची घाई करू नका. त्यातल्या बहुतेक कार्डांना मागे एक पिवळं गोल सॉकेट किंवा एस-व्हिडिओचं सॉकेट असतं. व्हीसीआरची वायर तिथे लावली की लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेट संगणकात उतरवता येतात, पॅलच्या पूर्ण ७२० बाय ५७६ मध्ये. ऑडिओची वायर मात्र वेगळी, साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये लावावी लागते. संगणक जुनाच ठेवा, त्यावरचं विंडोज जुनंच असू द्या, फक्त इंटरनेटची वायर काढून टाका. उतरवलेल्या फाइली पेन ड्राइव्हवरून नव्या संगणकात न्या. आणि कॅसेट लावण्याआधी तिचं झाकण उघडून टेपवर पांढरी बुरशी नाही ना ते बघा. असेल तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडते.